एडिट, ब्लँक

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका गल्लीत पहिल्या मजल्यावर सॉफ्टवेअरचं एक छोटं ऑफिस आहे. पाटी लहान, पण गिऱ्हाईक करवीरपासून गडहिंग्लजपर्यंत पसरलेलं: पतसंस्था, दूध संस्था, विकास सेवा सोसायट्या. मालक फॉक्सप्रोच्या काळापासून या धंद्यात आहेत. त्यांचा भाचा एका राष्ट्रीयीकृत बँकेत क्लार्क आहे. कॉलेजात असतानाच त्याची दृष्टी पूर्ण गेली. मामांच्या गिऱ्हाइकांपैकी एका पतसंस्थेनं नुकताच एक अंध क्लार्क घेतला आणि सेक्रेटरींनी फोन करून विचारलं, "तुमचं सॉफ्टवेअर बोलतंय काय?" मामांनी भाच्याला रविवारी बोलावून घेतलं. मी दोघांच्याही ओळखीचा, म्हणून चहाला होतो. नावं कुणाचीच देत नाही. तांत्रिक तपशील मात्र गाळलेला नाही, कारण भांडण सगळं त्यावरच झालं.

मामा: बोलायचंच असेल तर बोलतं करूया की. चौकटीत कर्सर गेला की आवाज येईल, 'सभासद क्रमांक', 'रक्कम', 'जमा', 'नावे'. तुझ्या मामीच्या आवाजात रेकॉर्ड करू. एफ १२ दाबलं की अंध मोड सुरू. आठवडाभराचं काम आहे. वरनं जाहिरातीत पण घालता येईल.

भाचा: मामा, बाकी काहीही करा, हे करू नका.

मामा: का? मामीचा आवाज वाईट आहे?

भाचा: मामीला कशाला मध्ये आणताय! माझ्या कॉम्प्युटरवर बोलणारा आधीच बसलाय, एनव्हीडीए. मेल तोच वाचतो, एक्सेल तोच वाचतो, बँकेचं सॉफ्टवेअर तोच वाचतो. तुमच्या एका प्रोग्रॅमपुरता दुसरा बोलणारा आणलात तर दोघं एकदम बोलणार. शिवाय मामीचा आवाज मला मागं-पुढं करता येणार नाही. सभासदाचं नाव 'पाटील' आहे का 'पाटिल' हे मला अक्षर-अक्षर ऐकायचं असतं. रकमेतला एकेक आकडा परत ऐकायचा असतो. काही जणांना ऐकायचंच नसतं, ते बोटाखालच्या ब्रेल डिस्प्लेवर वाचतात. त्यांना मामीचा काय उपयोग?

त्यानं पेन ड्राइव्ह लावला, त्यातूनच एनव्हीडीए सुरू केला आणि डेस्कटॉपवरची यादी आपल्या रोजच्या वेगात ऐकली. मामांना आणि मला एक शब्द कळला नाही.

मामा: हे काय रे? टेपात कॅसेट अडकल्यागत.

भाचा: मी दिवसभर याच वेगानं ऐकतो. नाहीतर माझ्या काउंटरवरची रांग बँकेच्या बाहेर जाईल.

इथं मला मध्ये बोलायला हवं, कारण या फुकटच्या प्रोग्रॅमशिवाय पुढचा वाद झालाच नसता. स्क्रीन रीडर नवे नाहीत. टेड हेंटर या अंध अमेरिकन प्रोग्रॅमरनं 'जॉज' हा स्क्रीन रीडर १९८९ मध्ये डॉससाठी आणला आणि पुढं तो जगभर चालला. पण तो विकत घ्यायचा म्हणजे आपल्याकडच्या साध्या नोकरदाराच्या खिशाबाहेरची गोष्ट. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणानं विंडोजसाठी मोफत आणि खुला स्क्रीन रीडर लिहायला घेतला. त्याचा मित्र जेम्स टेह, तोही अंध, त्याला येऊन मिळाला. तोच एनव्हीडीए. ईस्पीक नावाच्या मोफत आवाजावर तो मराठीही वाचतो. आवाज गोड म्हणता येणार नाही, पण शब्द कळतात. म्हणजे त्या पतसंस्थेला बोलण्यासाठी एक रुपयाही घालायचा नव्हता. प्रश्न मामांच्या फॉर्मचा होता.

मामा: मग हा तुझा बोलणारा एवढा हुशार आहे, तर माझं सॉफ्टवेअर का वाचत नाही? पडद्यावर तर सगळं लिहिलेलं आहे.

भाचा: तो पडदा बघतच नाही. तो विंडोजला विचारतो: आत्ता फोकस कुठं आहे, त्या वस्तूचं नाव काय, प्रकार काय, आत काय भरलंय? विंडोज तुमच्या प्रोग्रॅमला विचारते. ही विचारपूस करायची सोय मायक्रोसॉफ्टनं १९९७ मध्येच दिलीय. उत्तर तुमच्या प्रोग्रॅमनं द्यायचं असतं. उघडा तुमचं व्हाउचर, मी दाखवतो.

व्हाउचर नोंदीचा फॉर्म उघडला. डोळसाला तो छान दिसतो: निळी पट्टी, डावीकडं मराठी नावं, मध्येच एखादं इंग्रजी, उजवीकडं पांढऱ्या चौकटी, खाली फ्लॉपीचं चित्र असलेलं सेव्हचं बटण. भाच्यानं आमच्यासाठी वेग कमी केला आणि टॅब दाबला.

"एडिट, ब्लँक."

पुन्हा टॅब. "एडिट, ब्लँक."

पुन्हा टॅब. आता काहीतरी रोमन अक्षरांचा चिवडा ऐकू आला आणि शेवटी "एडिट". पुढं "अंडरस्कोर अंडरस्कोर स्लॅश अंडरस्कोर अंडरस्कोर स्लॅश". ही तारखेची चौकट. त्यानंतर स्पष्ट आवाजात "चेक नंबर, एडिट". भाचा थांबला.

भाचा: हा चेक नंबरच आहे ना?

मामा: नाही रे, ही रक्कम आहे. चेक नंबर वरच्या ओळीत.

भाचा: मग झालंच की. मी इथं सहा आकडी चेक नंबर टाकला असता. पहिल्या दोन चौकटींना नाव नव्हतं, ते परवडलं. मी कुणाला तरी विचारलं असतं. चुकीचं नाव सांगणारी चौकट मला फसवते, आणि संध्याकाळी रोजकीर्द जुळली नाही की दोष माझ्या डोळ्यांवर येतो.

मामा: पण लेबल तर बरोबर जागी आहे!

भाचा: तुमच्या डोळ्यांना. व्हीबी डॉट नेट वेगळं बघतं. चौकटीला तुम्ही स्वतः नाव दिलं नसेल तर ते टॅबच्या क्रमात मागं कुठलं लेबल आहे ते शोधतं आणि त्याचं नाव उचलतं. टॅबचा क्रम लेबललासुद्धा असतो, मामा. तुम्ही आधी सगळ्या चौकटी टाकल्या असणार, लेबलं नंतर. मग कधीतरी जीएसटी आला, दोन चौकटी मध्ये घुसवल्या. दिसायला सगळं सरळ, आत क्रम विस्कटलेला. व्हिज्युअल स्टुडिओत व्ह्यू मेनूत टॅब ऑर्डर आहे, ते चालू करा. प्रत्येकावर आकडा दिसेल.

मामांनी ते चालू केलं. व्हाउचर क्रमांकाच्या चौकटीवर २, तिच्या लेबलवर ४१. मामा थोडा वेळ काहीच बोलले नाहीत.

मामा: बरं. क्रम लावला की झालं?

भाचा: निम्मं. उरलेल्या चौकटींना प्रॉपर्टीच्या यादीत 'अ‍ॅक्सेसिबल नेम' म्हणून एक रकाना असतो, तिथं नाव लिहायचं. सेव्हचं बटण हे बटणच नाही, ते चित्र आहे आणि त्याला तुम्ही क्लिक जोडलाय. टॅब त्याच्यावर थांबतच नाही. ते काढून खरं बटण टाका, चित्र हवं तर बटणावर चिकटवा. तारखेचा तो साचा काढून साधी चौकट ठेवा, नावात 'दिवस महिना वर्ष' लिहा आणि तपासणी आतनं करा. आणि ही खाली शिल्लक दाखवता, ते लेबल आहे. मला तिथं जाताच येत नाही. फक्त वाचायची चौकट करा, मग टॅबनं पोचता येईल.

मामा: आणि माझी एंटरची सवय? आमचे ऑपरेटर टॅब दाबत नाहीत. एंटर मारला की पुढं. पंचवीस वर्षं हात बसलाय त्यांचा. तुझ्या एकट्यासाठी ते मोडणार नाही मी, आधीच सांगतो.

भाचा: मोडू नकाच. एंटरनं फोकस खरोखर पुढं गेला तर मला काय फरक पडतो? उलट बरं आहे, माऊस लागत नाही.

मामा: आणि नवीन व्हाउचरला इन्सर्ट आहे. तुझा बोलणारा म्हणे इन्सर्ट आपल्याकडं ठेवून घेतो.

भाचा: दोनदा पटकन दाबलं की इन्सर्ट तुमच्याकडं जातो. नाहीतर मी त्याचं बटण कॅप्स लॉकवर घेईन. हे माझ्याकडचं काम, तुमच्याकडचं नाही. सगळंच बदला म्हणायला मी आलो नाही.

हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटला. बाहेरून आलेले सल्लागार बहुधा इथंच माती खातात. टॅब हाच एकमेव मार्ग, असलं काहीतरी वाचून येतात आणि ऑपरेटरचा हात मोडायला निघतात. सहकारी संस्थेचं काम ज्यानं बघितलंय त्याला माहीत आहे, की सकाळी दूध संकलनाच्या वेळी फॅट, एसएनएफ, लिटर, एंटर, पुढचा उत्पादक, ही लय एकदा तुटली की कॅन घेऊन उभी असलेली माणसं सोडत नाहीत. भाच्यानं ती लय राखली, म्हणूनच मामा पुढचं ऐकायला तयार झाले. पण पटले मात्र नव्हते.

मामा: भावा, खरं सांगू? साठ-सत्तर फॉर्म आहेत. माणसं तीन. ऑडिटरनं एनपीएचा नवा तक्ता मागितला की तो आधी. वार्षिक देखभालीची एएमसी वाढवायची म्हटली की संचालक मंडळ तोंड फिरवतंय. इतकी वर्षं झाली, एकाही संस्थेनं अंध माणसासाठी विचारलं नाही. आता एकानं विचारलं म्हणून?

भाचा: विचारणार कसं? आमच्या आधीच्या पिढीतल्या अंध माणसाला नोकरी म्हणजे टेलिफोन ऑपरेटर, नाहीतर खुर्च्या विणणं, खडू करणं. कॉम्प्युटरपर्यंत त्याला येऊच दिलं नाही, मग तो तुमच्याकडं कुठनं येणार? आता ऑफिसातले ते टेलिफोन बोर्डही गेले. २०११ च्या जनगणनेत देशात दृष्टिबाधित माणसं पन्नास लाखांवर आहेत. उल्हासनगरची प्रांजल पाटील स्क्रीन रीडरवर अभ्यास करून आयएएस झाली. पहिल्या वेळी यूपीएससीत ७७३ वा नंबर आला, तेव्हा रेल्वेच्या लेखा सेवेनं तिला पूर्ण अंध म्हणून घेतलं नाही. दुसऱ्या वेळी १२४ वा नंबर काढला. ती जिल्हा प्रशासनात काम सांभाळायला गेली आणि तुमच्या पतसंस्थेत माणूस पावती फाडू शकत नाही?

मामा: भाषण नको. ती परीक्षा तिनं दिली, माझं सॉफ्टवेअर मी विकतो. कायद्यानं मला कोण बांधील करतंय? चार टक्के आरक्षण सरकारी आस्थापनांना. पतसंस्था सरकारी नाही.

भाचा: आरक्षणाचं बरोबर बोललात. पण २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा उघडा. त्यात खासगी आस्थापनेची व्याख्या आहे आणि तिच्यात कंपनी, फर्म यांच्या शेजारी सहकारी संस्था नाव घेऊन लिहिलीय. समान संधीचं धोरण प्रत्येक आस्थापनेनं जाहीर करायचं असतं. डिजिटल वस्तू कशा असाव्यात याचं भारतीय मानकही आहे, आयएस १७८०२. त्यात वेबसाइटच नाही, तुमच्यासारखं डेस्कटॉप सॉफ्टवेअरही येतं. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल केवायसीच्या प्रकरणात सांगितलं, की डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

मामा: म्हणजे उद्या मला नोटीस येणार?

भाचा: उद्या नाही येणार. मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. 'मला कोण विचारतंय' हे आता पूर्वीइतकं खरं राहिलं नाही, एवढंच.

कायद्याचं प्रकरण तिथंच संपलं. मामा कायद्यानं हलणारे नाहीत. ते हलले पुढच्या गोष्टीनं, आणि त्यात भाचाही अडकला. तो रोमन अक्षरांचा चिवडा. मराठी लेबलं श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये होती. त्या फाँटमध्ये पडद्यावर 'नाव' दिसतं, पण फाइलमध्ये 'झेड, एम, डी' ही रोमन अक्षरं साठवलेली असतात. फाँट त्यांना न, काना आणि व यांचे आकार चढवतो. डोळ्याला मराठी, कानाला झेडएमडी.

भाचा: हे युनिकोडमध्ये का नाही घेतलं तुम्ही? देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे.

मामा: आता माझं ऐक. तू जन्मला नव्हतास तेव्हा आम्ही डॉसवर जिस्ट कार्ड घालून मराठी चालवलंय. पुण्याच्या सी-डॅकचं कार्ड. त्यात अक्षर अक्षरासारखं साठायचं, क म्हणजे क. मग विंडोज आलं, व्हीबी आलं. व्हीबी सिक्स १९९८ चं. त्याच्या स्वतःच्या चौकटींना युनिकोड दाखवताच यायचं नाही. आम्ही काय करणार होतो? संस्थेला पावती मराठीत पाहिजे, वार्षिक सभेचा अहवाल मराठीत पाहिजे. फाँट हाच मार्ग होता. कोल्हापुरातल्याच काय, महाराष्ट्रातल्या सगळ्या सॉफ्टवेअरवाल्यांनी तेच केलं. डॉट नेटवर आलो तोवर हजारो सभासदांची नावं त्या फाँटमध्ये भरून झाली होती.

भाचा: कन्व्हर्टर मिळतात की.

मामा: मिळतात. मी चालवून बघितलेत. नव्वद नावं बरोबर येतात आणि दहा नावांत रफार भलत्याच अक्षरावर जातो. 'कुर्डूकर' चा 'र्' कुठं गेला हे कोण बघणार? वर्षानुवर्षाचे कर्जाचे कागद त्या नावानं आहेत. सभासदाचं नाव एका अक्षरानं बदललं तर जामीनदार म्हणतो तो मी नव्हेच. वर्णानुक्रम बदलतो, शोध बदलतो, छापील स्टेशनरीवर अक्षरं सरकतात. हे आठवड्याचं काम नाही, आणि याचे पैसे मागितले तर संस्था म्हणणार, आम्हाला तर मराठीच दिसतंय.

इथं भाचा पहिल्यांदा गप्प झाला. माझ्या मते मामांचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. सुलभतेवरचे बहुतेक लेख इंग्रजी फॉर्म गृहीत धरून लिहिलेले असतात. त्यांच्यात नाव दिलं की काम झालं. मराठी संस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये नावच रोमन चिवड्यात अडकलेलं असतं, आणि तो चिवडा एका प्रोग्रॅमरच्या आळसातून आलेला नाही. त्या काळी विंडोजवर मराठी पडद्यावर आणायला दुसरा सोपा रस्ता नव्हता. गंमत अशी, की मामांचे जुने डॉसवरचे इंग्रजी फॉर्म आजच्यापेक्षा स्क्रीन रीडरला सोपे गेले असते, कारण तिथं पडद्यावरचं अक्षर मेमरीतही अक्षरच असायचं.

भाचा: ठीक आहे. दोन वेगळी कामं धरा. लेबल आणि माहिती. लेबलाचा फाँट तसाच राहू दे, डोळ्याला आहे तेच दिसू दे. पण 'अ‍ॅक्सेसिबल नेम' च्या रकान्यात तेच नाव युनिकोडमध्ये टाका. तो रकाना पडद्यावर दिसत नाही, फक्त स्क्रीन रीडरला कळतो. दिसायचं एक, ऐकायचं एक, दोन्ही बरोबर.

मामा: असं चालतं?

भाचा: चालतं. करून बघा एका चौकटीला.

मामांनी 'रक्कम' युनिकोडमध्ये टाकून फॉर्म चालवला. "रक्कम, एडिट, ब्लँक." मामा शिफ्ट टॅब मारून परत मागं गेले, पुन्हा पुढं आले, त्यांनी पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदाही.

मामा: आणि सभासदांची नावं?

भाचा: ती आज नको. केवायसीसाठी पॅनवरचं इंग्रजी नाव तुम्ही घेताच ना? यादीत सभासद क्रमांकानंतर तो रकाना दाखवा. क्लार्कचं काम भागेल. नवीन सभासदांची नावं मात्र इथून पुढं युनिकोडमध्येच घ्या, म्हणजे ढीग वाढणार नाही.

चुकीच्या नोंदीचा मुद्दा निघाला तेव्हा पुन्हा खडाजंगी झाली. मामांचा फॉर्म चूक झाली की चौकट लाल करतो. भाच्याला लाल ऐकू येत नाही. त्यानं मेसेज बॉक्स मागितला. मामांनी टेबलावर हात आपटला: दिवसभर व्हाउचर मारणाऱ्या बाईला प्रत्येक चुकीला 'ओके' दाबायला लावलं तर ती मला फोन करून शिव्या घालील. शेवटी ठरलं ते असं. लाल रंग राहील. सेव्ह करताना चूक असेल तर फोकस आपोआप त्या चौकटीवर जाईल, आणि चुकीचं कारण त्या चौकटीच्या वर्णनात लिहिलं जाईल: 'रक्कम शिल्लकेपेक्षा जास्त'. एनव्हीडीए फोकस आला की वर्णनही वाचतो. बाईला काही दाबावं लागणार नाही.

मामा: सही कोण तपासणार? चेकवरची सही आणि नमुना सही पडद्यावर शेजारी शेजारी येतात. तिथं तुझं नाव-बिव काही चालत नाही.

भाचा: नाहीच चालत. सही दुसऱ्यानं तपासायची. एकानं नोंद करायची, दुसऱ्यानं पास करायची, ही पद्धत बँकेत सगळ्यांनाच आहे, डोळसांनासुद्धा.

मामा: आणि कर्जवसुलीची ती मोठी ग्रिड? तिचा कंट्रोल बाहेरचा आहे, चित्रासारखी रंगवतो.

भाचा: ती सगळ्यात अवघड. डॉट नेटची स्वतःची ग्रिड घेतली तर सेलबरोबर रकान्याचं नाव वाचलं जातं. पण तुमची आहे ती मुळापासून बदलावी लागेल.

मामा: मग ती होणार नाही. त्याचे पैसे लागतील.

भाचा: मागा की. नावं देण्याचे मागू नका, ती तुमच्याकडनं राहिलेली गोष्ट आहे. ग्रिडचे मागा.

मामा: पुढच्या वर्षी सगळं वेबवर न्यायचंच आहे. तेव्हा आपोआप होईल.

भाचा: ब्राउझरमध्येसुद्धा नाव तुम्हालाच द्यायचं असतं. तिथं तर पोरं बटणाऐवजी काय वाटेल ते रंगवतात. आज इथं हात बसला तर तिथं उपयोगी पडेल.

उठायच्या आधी मामांनी वहीत यादी केली: लॉगिन, सभासद शोध, व्हाउचर, पावती, दिवसअखेर. एवढे पाच फॉर्म आधी, बाकीचे हात लागेल तसे. ग्रिडचं वेगळं कोटेशन. भाच्यानं मागितली होती पंधरा फॉर्मची यादी, ती त्यांनी मान्य केली नाही. भाच्यानं एनव्हीडीएच्या टूल्स मेनूतला 'स्पीच व्ह्यूअर' त्यांना दाखवून ठेवला. त्यात जे बोललं जातं ते पडद्यावर लिहून येतं, म्हणजे ऑफिसातल्या डोळस पोरांना कान टवकारून बसावं लागत नाही.

दोघांत कोण बरोबर, असं मला नंतर कुणीतरी विचारलं. आवाज रेकॉर्ड करायच्या कल्पनेत मामा पूर्ण चुकीचे होते आणि फाँटच्या बाबतीत पूर्ण बरोबर. अंध माणसासाठी वेगळा मोड, वेगळा आवाज, वेगळं बटण करण्यात पैसा जातो आणि वापर शून्य होतो. चौकटीला नाव देण्यात पैसा जवळपास लागत नाही. जुन्या फाँटमधली माहिती युनिकोडमध्ये आणणं मात्र एका छोट्या ऑफिसच्या खांद्यावर टाकायचं काम नाही. तो खर्च संस्थांनी मिळून उचलायला हवा, आणि त्यात फायदा फक्त अंध क्लार्कचा नाही: ज्या दिवशी सभासदाचं नाव मोबाइलच्या मेसेजमध्ये धड छापून जाईल, त्या दिवशी बाकीच्यांनाही तो कळेल.

दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या नसीमा हुरजूक यांच्या 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' या संस्थेला या गावात १९८४ पासूनचा इतिहास आहे. दिव्यांगांच्या नोकरीचा विषय कोल्हापूरला नवा नाही. पतसंस्थांच्या सेक्रेटरींना आणि दूध संस्थांच्या सचिवांना एवढीच विनंती: पुढची एएमसी मंजूर करण्याआधी सॉफ्टवेअरवाल्याला समोर बसवा, मॉनिटर बंद करा, एनव्हीडीए चालू करा आणि त्याला एक व्हाउचर भरून सेव्ह करायला सांगा. झालं तर सही करा. नाही झालं तर कुठं अडलं ते करारात लिहून घ्या.